दिनविशेषाचा पाठ : ३ जानेवारी

प्राथमिक शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि त्यामागोमाग दिनविशेष, असा क्रम बहुतेक शाळांतून रूढ झालेला आहे. फळ्याच्या एका कोपऱ्यात त्या दिवसाच्या जयंत्या, पुण्यतिथ्या व घटना लिहिलेल्या असतात. दुसऱ्या कोपऱ्यात वर्गाचा पट, हजर व गैरहजर यांचे आकडे असतात. वर्गनायक दिनविशेष मोठ्याने वाचतो, मुले ऐकतात, आणि गणिताचे पहिले उदाहरण मांडण्यासाठी जागा हवी म्हणून तो मजकूर पुसला जातो. दुसऱ्या दिवशी नवी नावे येतात. वर्षभरात अशी कित्येक नावे मुलांच्या कानांवरून जातात. मनात किती राहतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

दिनविशेष हा उपक्रम चांगला आहे. मुलाला काळाची जाण देण्याचे ते एक सोपे साधन आहे. परंतु साधन हाती असणे वेगळे व ते वापरता येणे वेगळे. एकाच तारखेचा पाठ पद्धतशीरपणे कसा घ्यावा, हे दाखविण्यासाठी येथे ३ जानेवारी हा दिवस निवडला आहे. ही सावित्रीबाई फुले यांची जयंती असून महाराष्ट्रातील शाळांतून ती बालिका दिन म्हणूनही साजरी केली जाते. म्हणून या दिवशी फळ्याचे वर सांगितलेले दोन्ही कोपरे एकत्र वाचणे अगत्याचे ठरते.

निवड

कोणत्याही तारखेला नोंदींचा तुटवडा नसतो. ३ जानेवारीचेच पाहावे. इ. स. पूर्व १०६ मध्ये या दिवशी रोमचा वक्ता सिसेरो जन्मला. १८८३ मध्ये इंग्लंडचे पुढे पंतप्रधान झालेले क्लेमंट अ‍ॅटली जन्मले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४७ चा भारतीय स्वातंत्र्याचा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला. १९०३ मध्ये आजच्या झारखंडात जयपालसिंग मुंडा यांचा जन्म झाला. १९५९ मध्ये अलास्का हे अमेरिकेचे एकोणपन्नासावे राज्य बनले. २००२ मध्ये अवकाशशास्त्रज्ञ सतीश धवन यांचे बंगळूर येथे निधन झाले. २०१९ मध्ये चीनचे यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूस उतरले.

हे सर्व एका दमात वाचून दाखविले, तर मुलांच्या मनात गोंधळाखेरीज काही उरणार नाही. सिसेरो आणि अलास्का यांचा तिसरीच्या मुलाच्या जगाशी कोणताही धागा जुळत नाही. म्हणून एका दिवसासाठी एक मुख्य नोंद, तिच्या जोडीला निसर्गाची एखादी गोष्ट आणि वरच्या इयत्तांसाठी एक-दोन पूरक नोंदी एवढेच घ्यावे. निवडताना शिक्षकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट खरी आहे, याची खात्री झाली आहे काय? ती मुलांना समजेल काय? आणि ती ऐकून मुलांना काही करता येईल काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी येईल ती मुख्य नोंद.

मुख्य पाठ : सावित्रीबाई फुले

पाठाची सुरुवात जन्मतारखेने न करता प्रश्नाने करावी. 'सावित्रीबाईंना लिहिता-वाचता कधी येऊ लागले असेल?' असे विचारल्यास बहुतेक मुले 'लहानपणी, शाळेत' असे उत्तर देतात. तेथूनच खरी गोष्ट सांगता येते. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव येथे झाला. वडिलांचे नाव खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. तोपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले; पुढे त्यांनी अध्यापनाचे शिक्षणही घेतले. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

येथे क्षणभर थांबून मुलांकडून हिशेब करवून घ्यावा. विवाहानंतर अक्षरे गिरविण्यास आरंभ करणारी मुलगी आठ वर्षांच्या आत दुसऱ्यांना शिकवू लागली. उशिरा शाळेत आलेल्या, मध्येच शाळा सुटलेल्या किंवा वाचनात मागे पडलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने या हिशेबात मोठा धीर आहे. सावित्रीबाई थोर होत्या हे वाक्य मुले विसरतील. त्यांनीही उशिराच सुरुवात केली होती, ही गोष्ट एखादी मुलगी जन्मभर विसरणार नाही.

त्यानंतर विरोधाचा भाग सांगावा. मुलींना शिकविणे हे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंवर शेण व दगड फेकले जात, आणि म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, अशी आठवण त्यांच्या समकालीनांकडून आलेली आहे. १८४९ मध्ये या कामापायी फुले पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. तरीही शाळा चालू राहिल्या व वाढल्या. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. फसलेल्या विधवांसाठी व त्यांच्या अर्भकांसाठी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. तेथील कामाचा भार त्यांनी वाहिला. १८७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात लोकांच्या मदतीसाठी होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला असता रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

वरील सर्व मजकूर सर्व इयत्तांना सांगावयाचा नाही. पहिली-दुसरीस नायगावची मुलगी, तिचे शिकणे आणि तिची शाळा एवढे पुरे. तिसरी-चौथीस विरोधाचा व धैर्याचा भाग सांगावा. पाचवीपासून पुढे दुष्काळ व प्लेग यांचे प्रसंग घ्यावेत.

'पहिली' या शब्दाविषयी सावधानता

दिनविशेषाच्या लेखनात 'पहिला', 'पहिली', 'एकमेव' हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. भिडे वाड्यातील शाळेला 'भारतातील मुलींची पहिली शाळा' असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ मध्येच उघडली होती आणि बंगालमध्ये बारासात येथे १८४७ मध्ये देशी मंडळींनी मुलींसाठी शाळा काढली होती. तेव्हा शिक्षकाने 'भारतीयांनी मुलींसाठी काढलेल्या अगदी आरंभीच्या शाळांपैकी एक' असे म्हणावे. असे म्हटल्याने फुले पतिपत्नींच्या कार्याची थोरवी तिळमात्र कमी होत नाही. मिशनऱ्यांच्या पाठीशी संस्था होती; फुले पतिपत्नींच्या पाठीशी स्वतःचे घरही राहिले नाही. थोरवी या गोष्टीत आहे, आणि मुलांना ती कोणत्याही क्रमांकापेक्षा अधिक चांगली समजते.

दुसरी सावधानता नावांच्या सारखेपणाची. ३ जानेवारीचा बालिका दिन महाराष्ट्रात पाळला जातो. राष्ट्रीय बालिका दिन २४ जानेवारीस असतो आणि आंतरराष्ट्रीय बालिका दिन ११ ऑक्टोबरला येतो. परिपाठात या तिन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. शंका असेल तेव्हा फळ्यावर कमी लिहावे, पण चुकीचे लिहू नये. मुलाच्या वहीत एकदा गेलेली चूक पुष्कळदा त्याच्याबरोबर मोठी होते.

निसर्गाची नोंद : सूर्य जवळ, तरी थंडी

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा २ ते ५ तारखेच्या दरम्यान, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते. त्या वेळी दोहोंमधील अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ती सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर अंतरावर असते. हे आकडे ऐकताच चाणाक्ष मूल विचारील, 'सूर्य जवळ असतो, मग आता थंडी का?' हा प्रश्न वर्गातून उठला, तर पाठाचे निम्मे काम झाले असे समजावे.

उत्तर असे की, जवळच्या व दूरच्या अंतरांतील फरक एकूण अंतराच्या मानाने सुमारे तीन टक्केच आहे. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. जानेवारीत उत्तर गोलार्ध सूर्यापासून पलीकडे कललेला असतो. त्यामुळे किरण तिरपे पडतात, दिवस लहान होतो व जमीन कमी तापते. त्याच वेळी ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो. ऋतू जर केवळ अंतरामुळे झाले असते, तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा आला असता.

हे सांगून न थांबता अंगणात दाखवावे. एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागी ओळंब्याने उभी करावी. मध्यान्हीच्या सुमारास दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली मोजून भिंतीवरील तक्त्यात तारखेसह लिहावी. ३ जानेवारीच्या सुमारास महाराष्ट्रात ही सावली सुमारे ८० ते १०० सेंटिमीटर भरते. दक्षिणेकडील जिल्ह्यांत कमी, उत्तरेकडील जिल्ह्यांत अधिक. दर पंधरवड्यास हाच प्रयोग केला, तर सावली आखूड होत गेलेली दिसेल. मे महिन्यात एका दिवशी मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो व काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून जाते. त्या वेळी शाळेला सुटी असते. म्हणून काठी घेऊन घरी प्रयोग करण्याचे काम मुलांवर सोपवावे. या प्रयोगास एक पैसाही लागत नाही, आणि एका दिवसाची नोंद पाच महिन्यांचा अभ्यास बनते.

वरच्या इयत्तांसाठी

सहावी-सातवीच्या मुलांना पुढील नोंदींपैकी एखादी द्यावी.

सतीश धवन हे १९७२ ते १९८४ या काळात भारतीय अवकाश संशोधन संघटनेचे अध्यक्ष होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस. एल. व्ही.-३ या प्रक्षेपणयानाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले, तेव्हा पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले व अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी तेच यान यशस्वी झाले, तेव्हा मात्र पत्रकारांशी बोलण्यास त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे पाठविले. कलामांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. प्रमुखाने कसे वागावे, हे वर्गनायकालाही यातून समजेल. श्रीहरिकोटा येथील प्रक्षेपण केंद्रास आज धवन यांचेच नाव आहे.

जयपालसिंग मुंडा हे १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. त्या वर्षी भारताने हॉकीचे आपले पहिले सुवर्णपदक मिळविले. पुढे संविधान सभेचे सदस्य या नात्याने त्यांनी आदिवासींच्या हक्कांची बाजू निर्भीडपणे मांडली. आदिवासी पाड्यांवरील शाळांतून ही नोंद आवर्जून घ्यावी.

चंद्राची नोंद भूगोलाच्या तासाशी जोडावी. चंद्र स्वतःभोवती व पृथ्वीभोवती सारख्याच काळात, सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत, फिरतो. म्हणून त्याची एकच बाजू पृथ्वीवरून दिसते. ३ जानेवारी २०१९ रोजी चांग-अ-४ हे यान न दिसणाऱ्या बाजूस प्रथमच उतरले. तेथून पृथ्वीकडे थेट संदेश येऊ शकत नाही, म्हणून मध्ये एक उपग्रह ठेवावा लागला. दोन मुलांना पृथ्वी व चंद्र करून, चंद्र झालेल्या मुलाने तोंड सतत पृथ्वीकडे ठेवून एक फेरी घातली, म्हणजे ती स्वतःभोवतीचीही एक फेरी कशी होते, हे सर्वांस दिसते.

फलकलेखन आणि वही

फळ्यावर मजकूर थोडा व ठळक असावा. नमुना असा :

३ जानेवारी
सावित्रीबाई फुले जयंती – बालिका दिन
जन्म : नायगाव, १८३१. मुलींची शाळा : पुणे, १८४८. निधन : १८९७.
आज काठीची सावली : — सें. मी.

गणिताच्या तासाला याच आकड्यांवरून उदाहरणे घ्यावीत. सावित्रीबाई किती वर्षे जगल्या? शाळा सुरू झाली त्यास आज किती वर्षे झाली? जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मागणी व कायदा यांत किती वर्षे गेली? वजाबाकी सोपी आहे. उत्तर एकशे अठ्ठावीस येते. ते लिहिल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता पसरली, तर ती मोडण्याची घाई करू नये.

शाळेत दिनविशेषाची एक कायमची वही ठेवावी. प्रत्येक तारखेस एक पान द्यावे. पडताळून पाहिलेली नोंदच त्यात उतरावी. पुढील वर्षी त्याच पानावर नवी भर घालावी. चार-पाच वर्षांत ती वही शाळेचे स्वतःचे पुस्तक होते, आणि बदलून येणाऱ्या शिक्षकास आयते साहाय्य मिळते.

फळ्याचा दुसरा कोपरा

आता आरंभी सांगितलेल्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळावयाचे. समजा, चौथीच्या वर्गात मुलींचा पट चौदा आहे आणि ३ जानेवारी रोजी अकरा मुली हजर आहेत. फळ्याच्या डाव्या बाजूस 'बालिका दिन' असे सुंदर अक्षरांत लिहिलेले आहे आणि उजव्या बाजूस 'गैरहजर ३' असे. कार्यक्रम उत्तम होतो. मुली सावित्रीबाईंच्या वेषात येतात, भाषणे होतात, टाळ्या पडतात. त्या तीन मुली मात्र त्या वेळी कोठे असतात?

जानेवारी हा गावात कामाचा महिना आहे. कापसाची वेचणी चालू असते. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात खोपी करून राहिलेली असतात आणि ती बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आईबाप पहाटे फडात जातात, तेव्हा धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे येते. घरी राहिलेल्या मुलीलाही पाणी, स्वयंपाक व लहान मूल यांतून शाळेसाठी वेळ काढणे अवघड होते. असे चार महिने गेले की वाचन मागे पडते; मागे पडले की वर्गात लाज वाटते; लाज वाटू लागली की गैरहजेरी वाढते. पुढे एक दिवस तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्याचे कानी येते. कायद्याने मुलीचे लग्नाचे वय अठरा वर्षे आहे. परंतु शाळेशी नाते तुटलेल्या मुलीपर्यंत तो कायदा पुष्कळदा वेळेवर पोहोचत नाही.

म्हणून ३ जानेवारीचा गृहपाठ मुलांना देण्याबरोबरच शिक्षकाने स्वतःसही घ्यावा. त्या दिवशी गैरहजर असलेल्या प्रत्येक मुलीचे नाव व कारण वहीत लिहावे. 'घरकाम' एवढे लिहून भागत नाही. कोणते काम, किती दिवस आणि तिच्याऐवजी ते कोणी करू शकेल काय, हे लिहावे. संध्याकाळी तिच्या घरी जावे. तेथे भाषण करू नये व कायद्याचा धाकही आरंभी घालू नये. मुलीच्या आजीशी, आईशी बोलावे. धाकटे भावंड तीन वर्षांचे झाले असेल, तर त्यास अंगणवाडीत बसविता येईल काय, हे अंगणवाडीताईंसह पाहावे. बरेचदा एवढ्यानेच मुलीचे हात मोकळे होतात. कुटुंब स्थलांतर करणार असेल, तर मुलीस गावातच नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहाची सोय असेल तेथे ठेवता येईल काय, याचा विचार शाळा व्यवस्थापन समितीपुढे निघण्यापूर्वीच मांडावा. ते न जमल्यास ती ज्या गावी जाईल तेथील शाळेस पत्र द्यावे.

मुलगी परत आली म्हणजे तिला सर्वांसमोर गैरहजेरीचे कारण विचारू नये. शेजारी वाचनात पुढे असलेली मैत्रीण बसवावी आणि मागे राहिलेले पाठ रोज थोडे थोडे भरून काढावेत. या ठिकाणी मुख्य पाठातील गोष्टीचा खरा उपयोग होतो. 'सावित्रीबाईंनी नऊ वर्षांनंतर सुरुवात केली. तुला तर अक्षरे येतात' हे एक वाक्य तिच्यासाठी पुष्कळ आहे.

स्वाध्याय

मुलांसाठी : (१) घरातील सर्वांत वयस्क स्त्रीस, ती शाळेत किती वर्षे गेली, हे विचारून लिहा. (२) सावलीचा तक्ता मेपर्यंत चालवा. (३) आपल्या जन्मतारखेस घडलेली एक खरी गोष्ट शोधून, ती कोठून कळली ते सांगा.

शिक्षकांसाठी : ३ जानेवारीस गैरहजर असलेल्या मुलींची नावे १० मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, पुन्हा हजेरीपटाशी ताडून पाहावीत. या दोन तारखांमध्ये नऊ आठवड्यांचा काळ आहे. तेवढ्या काळात त्यांपैकी एक मुलगी जरी नियमित येऊ लागली, तरी तिचे नाव दिनविशेषाच्या वहीत त्या पानाखाली लिहून ठेवावे.